एकोणचाळीस अंश

कोल्हापूर,
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय संगमेश,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी मी तुला फोन केला आणि एकच प्रश्न चार वेळा ओरडून विचारला. उत्तर आमच्या शेजाऱ्यांनी दिले. तुझ्याकडून 'बरं बरं, वहिनींना नमस्कार सांग' एवढेच आले. इचलकरंजीच्या बॉयलरांनी बत्तीस वर्षांत तुझे कान घेतले असले, तरी तुझे ज्ञान शाबूत आहे. म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच दे.

मी ज्या महिला वृद्धनिवासाचा व्यवस्थापक आहे, त्याला आमचे अध्यक्ष विजयसिंह यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ गरम पाण्याचा बॉयलर आणि हजार लिटरची स्टीलची टाकी दिली आहे. आजवर आमच्याकडे लाकडावरचा मोठा बंब होता. आक्का नावाची आमची सेविका (हजेरीपटावरही तिचे हेच नाव आहे) अठरा वर्षे तो पेटवत आली. ती बादलीत कढत पाणी काढते, त्यात विसण म्हणून थंड पाणी घालते, कोपर बुडवून पाहते आणि म्हणते, "झालं, या." बावीस वृद्ध स्त्रियांच्या आंघोळीच्या पाण्याचे तापमान एका बाईच्या कोपरावर ठरावे, ही पद्धत मला कधीच मान्य नव्हती.

त्यातही काळजी अंबूबाईंची. वय एक्याऐंशी. मधुमेहामुळे त्यांच्या दोन्ही पावलांची संवेदना गेली आहे. चटका त्यांना कळत नाही. म्हणून तो यंत्राला कळला पाहिजे.

टाकीसोबत तापमान दाखवणारा आणि बर्नर आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर आला आहे. दोन सेन्सर आहेत. फिटर पुढच्या आठवड्यात येईल. त्याला काय सांगायचे, ते मला नेमक्या शब्दांत लिहून पाठव. मी एका अक्षराचाही फेरफार करणार नाही.

तुझा,
उदयसिंह

*

जयसिंगपूर,
९ नोव्हेंबर २०२४

उदय,

तुझं पत्र मिळालं. सरकारी नोटीस आली म्हणून बायको घाबरली होती. पाकिटावर एवढ्या सुबक अक्षरात नाव लिहायची तुझी खोड शाळेपासून गेली नाही.

आता ऐक. म्हणजे वाच. गरम पाणी हलकं. ते टाकीत वर बसतं. थंड पाणी जड, ते खालून आत येतं. बॉयलर तापवलेलं पाणी टाकीच्या वरच्या अंगाला आणून सोडतो आणि न्हाणीघराचे नळ तिथूनच पाणी घेतात. म्हणून सेन्सर वर पाहिजे, वरून साधारण एक तृतीयांश उंचीवर. चांगल्या टाकीला तिथं खोबण ठेवलेली असते, सेन्सरची नळी आत सरकवायला. कंट्रोलर पंचावन्न अंशांवर लाव.

दुसरा सेन्सर पहिल्याचा राखणदार. काही बिघडलं आणि पाणी पासष्टच्या वर गेलं, तर तो बर्नर तोडतो आणि माणसानं हातानं बटण दाबल्याशिवाय परत पेटू देत नाही. तो वेगळ्या खोबणीत, पहिल्याच्याही वर. दोन पहारेकरी एकाच दाराशी उभे केले तर दोघांनाही एकच दिसतं.

पहिले आठ दिवस भर आंघोळीच्या वेळेला नळाखाली साधा काचेचा थर्मामीटर धर. डब्यावरचा आकडा आणि नळाचं पाणी जुळतं का ते बघ.

आणि त्या बाईचा कोपर घालवू नकोस. कारखान्यात मी लाखाची उपकरणं लावली, पण पाइपाला हात लावून 'सायेब, आज कायतरी बिनसलंय' म्हणणारा माणूस मी कधी हलवू दिला नाही.

वहिनींना नमस्कार. हा खरा, फोनवरचा नव्हे.

संगमेश

*

कोल्हापूर,
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय संगमेश,
सप्रेम नमस्कार.

कळविण्यास आनंद होतो की, यंत्रणा सोमवारपासून सुरू झाली. विजयसिंहांच्या घरची मंडळी आली होती. टाकीला हळदीकुंकू वाहिले, नारळ फोडला, मातोश्रींच्या नावाच्या पितळी पाटीला झेंडूचा हार घातला. विजयसिंहांचे डोळे पाणावले. एवढ्या करारी माणसाने त्या पाटीसमोर डोके टेकवले.

तुझ्या सूचनांप्रमाणे कंट्रोलर पंचावन्नवर आणि तोडणारा पासष्टवर लावला आहे. दोन्ही सेन्सर उपलब्ध खोबणीत व्यवस्थित बसले आहेत. आकडा लाल अक्षरांत माझ्या टेबलावरून दिसतो. पहाटे साडेपाच आणि सकाळी अकरा अशी दिवसातून दोनदा मी त्याची नोंद ठेवतो. आजवर प्रत्येक नोंद चोपन्न ते छप्पन्नच्या आत आहे.

याहून पुढची एक सुधारणा मी स्वतः केली आहे. प्रत्येक बादलीला आतून दोन रेघा मारून घेतल्या. निळ्या रेघेपर्यंत थंड पाणी, सहा लिटर. त्यावर लाल रेघेपर्यंत गरम, दहा लिटर. थंड पाणी बावीस अंशांचे आणि गरम पंचावन्नचे असेल, तर बादलीत साडेबेचाळीस अंशांचे पाणी तयार होते. हे गणित चुकू शकत नाही. त्यामुळे पाण्यात हात किंवा कोपर घालण्याचे कारण उरले नाही आणि तसे करण्यास मी मनाई केली आहे; आरोग्याच्या दृष्टीनेही ते योग्य नव्हे.

आक्का अर्थातच नाराज आहे. "सायेब, रेघ मारून पानी निवतंय व्हय?" असे ती सर्वांसमक्ष म्हणाली. बायका हसल्या. ती रेघेच्या वर आणखी दोन तांबे थंड पाणी ओतते, असे मी दोनदा पाहिले. तोंडी समज दिली आहे. सवय मोडायला वेळ लागतो, हे मी जाणतो.

तुझा,
उदयसिंह

*

जयसिंगपूर,
२७ नोव्हेंबर २०२४

उदय,

अभिनंदन. रेघांचं डोकं तुझंच. बी.कॉम. झालेल्या माणसाच्या हातात बॉयलर दिला की तो बादलीलाही रकाने पाडतो.

पण तीन गोष्टी विचारतो. उपलब्ध खोबण म्हणजे कुठली? खालची की वरची? मी 'वेगळ्या खोबणीत' लिहिलं होतं, म्हणजे दोन. तू नुसतं 'खोबणीत' लिहिलंस. दोन्ही एकीतच घातलेस काय?

नळाखाली थर्मामीटर धरलास काय? साडेपाचला कुणी पाणी काढत नाही आणि अकराला आंघोळी उरकलेल्या असतात. टाकी निवांत असताना सगळीकडे पाणी सारखंच दिसतं. सात वाजता काय असतं ते लिही.

आणि आक्का दोन तांबे जास्त का ओतते, हे तिला विचारलंस काय? समज दिलीस ते लिहिलंस. विचारलंस ते लिहिलं नाहीस.

संगमेश

*

कोल्हापूर,
१४ डिसेंबर २०२४

प्रिय संगमेश,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राचे उत्तर राहून गेले. आता त्यातील प्रश्न गौण ठरावेत अशी घटना घडली आहे.

बुधवारी, ११ तारखेला सकाळी साडेसातच्या सुमारास अंबूबाईंची दोन्ही पावले भाजली. आक्का त्यांना आंघोळ घालत होती. पहिले दोन तांबे पायांवर ओतले. अंबूबाईंना काहीच कळले नाही, त्या बोलत राहिल्या. तिसऱ्या तांब्याच्या वेळी आक्काला कातडी लाल दिसली आणि ती ओरडली. डॉक्टरांच्या मते जखमा खोल नाहीत. पण मधुमेहात त्या भरायला वेळ लागेल. त्या रुग्णालयात आहेत. मी रोज जातो. मी गेलो की त्या मला विचारतात, "आक्का कुठाय?"

आता वस्तुस्थिती. ओरडणे ऐकताच मी टेबलावरून उठलो. उठताना समोरचा आकडा पाहिला आणि त्याच क्षणी नोंदवला. एकोणचाळीस. टाकीतील पाणी एकोणचाळीस अंशांचे होते. त्यात विसण पडल्यावर ते कोमटही राहत नाही. अशा पाण्याने कोणी भाजत नाही. म्हणजे भाजणारे पाणी बॉयलरचे नव्हते. नळाला कोमट पाणी येत असल्यामुळे आक्काने स्वयंपाकघरातून उकळते पाणी आणले असले पाहिजे. याखेरीज दुसरा निष्कर्ष संभवत नाही.

पार्श्वभूमीही तशीच आहे. ती नियम पाळत नाही, कोपर घालते, जास्तीचे पाणी ओतते, म्हणून आदल्याच दिवशी, १० तारखेला, मी तिला लेखी समज दिली होती. दुसऱ्या दिवशी तिने हे केले. न्हाणीघराच्या पडवीत, जमलेल्या बायकांसमोर मी तिला विचारले, "पाणी कुठून आणलेस?" ती म्हणाली, "नळाचंच हाय. तुमच्या रेघंपत्तुरच घातलं की." मी म्हणालो, "आकडा एकोणचाळीस आहे, आक्का. आकडा खोटे बोलत नाही. खोटे तू बोलतेस." तिला कामावरून थांबवले आहे. ती भावाकडे कागलला गेली आहे.

२९ तारखेला कार्यकारी समितीची सभा आहे. तीत तिला कायमचे कमी करण्याचा ठराव येईल. माझी विनंती एवढीच : 'एकोणचाळीस अंशांच्या पाण्याने भाजणे अशक्य आहे' असे एक वाक्य जाणकार म्हणून लिहून, सही करून मला पाठव. ते पूर्णपणे सत्य आहे, म्हणून तुला संकोच वाटू नये.

तुझा,
उदयसिंह

*

जयसिंगपूर,
१७ डिसेंबर २०२४

उदय,

हे पत्र पोस्टाच्या भरवशावर न ठेवता माझा जावई राजवीर याच्या हाती पाठवतोय. तो दारात उभा असतानाच वाच.

तू मागितलेलं वाक्य खरं आहे आणि मी ते लिहून देणार नाही. एकोणचाळीस अंशांच्या पाण्यानं कोण भाजत नाही. पण अंबूबाई भाजल्या आहेत. म्हणजे त्यांच्या अंगावर पडलं ते पाणी एकोणचाळीसचं नव्हतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. उरलेलं तू तुझ्या मनानं जोडलंस.

उदय, आकडा खरा आहे. तो वेगळ्या पाण्याचा आहे.

साडेसातला आठ-दहा बादल्या निघालेल्या असतात. जेवढं गरम वरून गेलं, तेवढं थंड खालून आत आलं. सेन्सर खालच्या खोबणीत असेल, तर तो त्या थंड पाण्यात बसलाय. त्याला वाटतं टाकी थंड पडली. तो बर्नरला सांगतो, पेट. बर्नर पेटतच राहतो, वर ताप चढत जातो आणि खाली आकडा घसरत जातो. राखणदारही त्याच खोबणीत असेल तर तोही थंडीत कुडकुडतोय. आंघोळी संपल्या की बॉयलरचा पंप सगळं पाणी घोळतो आणि अकरा वाजता तुला छानपैकी पंचावन्न दिसतं.

मी चूक असेन तर मला जोड्यानं मार. पण आधी हे कर. बायकांच्या आंघोळींना लागतं तेवढंच पाणी उद्या सकाळी नुसतं काढून टाका, बादल्या भरून. कुणाच्या अंगावर घालू नका. सव्वासात वाजता नळाखाली थर्मामीटर धर आणि त्याच क्षणी आकडा बघ. दोन्ही लिहून पाठव.

आणि एक सांग. तीन आठवडे ती बाई दोन तांबे जास्त ओतत होती, तोवर कुणी भाजलं नाही. तू तिला कागद दिलास आणि दुसऱ्या दिवशी तिनं तुझं ऐकलं. यातलं तुला काहीच खटकलं नाही?

संगमेश

*

कोल्हापूर,
१९ डिसेंबर २०२४

प्रिय संगमेश,

काल सकाळी सहापासून आम्ही बादल्या भरून बागेत ओतल्या. सव्वासात वाजता थर्मामीटर मी स्वतः धरला. टेबलावरून दिसणारा आकडा निशिगंधा, आमची परिचारिका, तिथे बसून मोठ्याने वाचत होती.

ती म्हणाली, "एक्केचाळीस."

माझ्या हातातला पारा एकोणऐंशीवर होता.

मला वाटले थर्मामीटर बिघडला. दुसरा आणवला. तोही तेच सांगू लागला. मग मी माझ्याच रेघांप्रमाणे बादली भरली, निळ्यापर्यंत थंड, लालपर्यंत गरम, आणि तीत तो बुडवला. साडेसत्तावन्न अंश. संगमेश, हे पाणी मी बादलीवर रेघा मारून, नियम लिहून, सहीनिशी अंबूबाईंच्या पायांवर ओतायला लावले आहे.

आता जे तुझ्यापासून लपवले ते लिहितो. टाकीला वरची खोबण आहे. दोन आहेत. त्या मातोश्रींच्या नावाच्या पाटीच्या मागे आहेत. कारखान्याने पाटी समोरच्या अंगाला वर, बरोबर मध्यभागी, खोबणींच्या तोंडावर रिबिटांनी ठोकून पाठवली होती. फिटरने मला दोनदा सांगितले, "साहेब, पाटी काढावी लागेल, नाहीतर सेन्सर खाली घालावा लागेल." दुसऱ्या दिवशी पूजा होती. अध्यक्षांच्या मातोश्रींचे नाव उचकटून बाजूला ठेवा, असे सांगण्याचा मला धीर झाला नाही. कोणी मला अडवले नव्हते. मी कोणाला विचारलेही नव्हते. मी फिटरला म्हणालो, "पाटीला हात लावायचा नाही. खाली घाला." आणि तुला लिहिताना 'उपलब्ध खोबण' असा शब्द योजला. तो शब्द शोधायला मला बराच वेळ लागला होता.

तू नळाचे तापमान विचारलेस तेव्हा उत्तर राहून गेले नव्हते. मी ते टाळले होते. थर्मामीटर धरला असता तर मला पाटीचा विषय काढावा लागला असता.

बॉयलर बंद केला आहे. जुना बंब पुन्हा पेटवला. फिटरचा दोष नाही, आक्काचा तर नाहीच. २९ तारखेच्या सभेत ठराव येईल. पण तो आक्काविषयी असणार नाही. मी निवेदन लिहायला घेतले आहे. शब्द या वेळी सरळ मिळत आहेत.

उदयसिंह

*

जयसिंगपूर,
२३ डिसेंबर २०२४

उदय,

बरं केलंस. तुझ्या जागी दुसरा असता तर त्यानं दोन्ही थर्मामीटर फोडले असते.

सभेत पाटीचं सांगताना आवाज खाली घेऊ नकोस. विजयसिंह काय म्हणतील ते म्हणतील. फिटर येईल तेव्हा मला बोलाव. मी येतो. कानांचं काही चालत नसलं तरी हात अजून चालतात.

संगमेश

*

कोल्हापूर,
३० डिसेंबर २०२४
(रजिस्टर्ड पोस्टाने)

श्रीमती आक्का यांस,
सविनय नमस्कार.

दिनांक ११ डिसेंबर रोजी श्रीमती अंबूबाई यांच्या पायांस झालेल्या इजेबाबत मी आपल्यावर जो आरोप केला, तो निराधार होता. आपण नळाचेच पाणी घेतले होते आणि ते मी घालून दिलेल्या प्रमाणातच मिसळले होते. टाकीतील सेन्सर माझ्या सांगण्यावरून चुकीच्या जागी बसविण्यात आला होता. त्यामुळे आकडा कमी दिसत असताना नळाला अतिशय कढत पाणी येत होते. आपण कोपर घालून पाहत होतात आणि त्यात जास्तीचे थंड पाणी घालत होतात, म्हणून तीन आठवडे कोणास इजा झाली नाही. ते थांबविण्याचा आदेश माझा होता.

हे सर्व मी काल समितीच्या सभेत लेखी सादर केले. पाटी हलवावी लागेल हे सांगितल्यावर अध्यक्ष विजयसिंह म्हणाले, "मला एकदा विचारायचं होतंत की हो. आमच्या आईला बायकांचे पाय भाजून नाव नको होतं." मी राजीनामा पुढे केला. त्यांनी तो घडी करून परत दिला आणि म्हणाले, "ही सोपी वाट आहे. आधी ज्याचं त्याला भरून द्या."

आपणांस पूर्वीच्याच पदावर, मधल्या दिवसांच्या पूर्ण पगारासह, सन्मानाने परत घेण्याचा ठराव एकमताने संमत झाला आहे. आपण त्वरित रुजू व्हावे. मी आपली मनःपूर्वक क्षमा मागतो.

आपला नम्र,
उदयसिंह
व्यवस्थापक

*

कागल,
ता. २ जानेवारी

उदयसायबास्नी आक्काचा नमस्कार.

तुमचा कागद पोचला. पोस्टमननं सही घेतली. भाऊ म्हनला, वाचून दावतो. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे, चौथी शिकल्याली हाय मी. तुमचं मराठी लई जड, दोन डाव वाचाया लागलं. पर कळलं.

आता माझं ऐका. त्या दिवशी बादलीतनं वाफ येत हुती. मला दिसली. आदल्या दिवशी तुमी कागद हातात दिल्याला, त्याचं भ्या मनात. मी म्हनलं, सायबांची रेघ हाय, सायबांचं मशीन हाय, आपुन कशाला हात घाला. न्हाय घातला. अठरा वर्सात त्यो एकच दिवस. म्हातारी हसत हुती हो, तिच्या नातवाची गोष्ट सांगत हुती आनि तिचं पाय लाल व्हत हुतं. तेवढं माझं हाय. ते तुमच्या अंगावर घालनार न्हाय.

पर खोटं बोलतीस म्हनलासा, ते तुमचं हाय.

ते तुमी बंद पाकिटातनं न्हवतं म्हनलं. पडवीत म्हनलासा, पंधरा बायकांच्या म्होरं. त्यातल्या निम्म्या बायकांनी त्या दिवशी माझ्याकडनं मान फिरवली. आनि चुकलो म्हनायची येळ आली तवा रजिस्टर पोस्टानं? ह्यो कागद माझ्या पेटीत ऱ्हाईल. तितं कोन वाचनार? माझी चोळी?

पगाराचं ऱ्हाऊ द्या. जितं म्हनलासा तितंच, त्यांच्याच म्होरं वाचा. मोठ्यानं. म्हंजे मग मी बघते यायचं काय ते.

अंबूबाईचं पाय कसं हायती ते लिवा. बाकीचं न्हाय लिवलं तरी चालंल.

आक्का

*

कोल्हापूर,
९ जानेवारी २०२५

प्रिय संगमेश,
सप्रेम नमस्कार.

रविवारी तू टाकीचे काम करून दुपारच्या गाडीने गेलास, त्यामुळे पुढचे तुला ठाऊक नाही.

आधी कामाचे. पहिला सेन्सर वरून एक तृतीयांशावर, दुसरा त्याच्या वर स्वतंत्र, तू बसवलेस तसेच आहेत. चार दिवस रोज सव्वासातला नळाखाली थर्मामीटर धरतो. आकडा पंचावन्न, नळ चोपन्न. काल दोन्ही पंचावन्न. राखणदाराची परीक्षाही तू सांगितल्याप्रमाणे घेतली. पासष्टला बर्नर तुटला आणि बटण दाबेपर्यंत पेटला नाही. विजयसिंहांनी पाटी स्वतःच्या हाताने न्हाणीघराच्या भिंतीवर लावली.

आता सोमवारचे. अंबूबाई शनिवारीच रुग्णालयातून परत आल्या होत्या; सोमवारी पडवीत वाचणार आहे, एवढा निरोप मी त्याच दिवशी आक्काच्या भावाकडे धाडला होता. पायांना अजून पट्ट्या आहेत. सोमवारी सकाळी मी सर्व बायकांना पडवीत बसवले. अंबूबाईंना खुर्चीत आणले. आक्काला पाठवलेल्या पत्राची प्रत माझ्याकडे होती, ती मी उभा राहून वाचली. वाचताना मला जाणवले की, ते पत्र ज्यांच्यासाठी वाचत होतो त्यांना त्यातले निम्मे शब्द पोचत नव्हते. 'निराधार' या शब्दावर तर दोघी एकमेकींकडे बघू लागल्या.

मी वाचून संपवले. मग अंबूबाई म्हणाल्या, "काय कळलं न्हाय बाबा. परत वाच. मोठ्यानं."

मी पुन्हा वाचले.

"ते सरकारी ऱ्हाऊ दे रं. तोंडानं सांग. आक्का खोटं बोलली का न्हाय?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणालो, "नाही. आक्का खरे बोलली. खोटे मी बोललो. पाणी टाकीचेच होते, ते माझ्यामुळे कढत झाले आणि तुमचे पाय माझ्यामुळे भाजले."

"असं ग्वाड सांग की मग," अंबूबाई म्हणाल्या. "ह्येवढ्यासाठी दोन पानं लिवलीस?"

बायका हसल्या. मीही हसलो असेन. मग एकीने मागून विचारले की, हे ज्या बाईविषयी चालले आहे तिला ऐकू आले का? मी म्हणालो, मी आजच कागलला जाऊन सांगणार आहे.

"कागलला कशाला जातासा?" असा आवाज पायऱ्यांवरून आला. आक्का हातात पिशवी घेऊन उभी होती. ती सकाळच्या गाडीने आली होती आणि पहिल्या वाचनापासून खाली थांबली होती, हे मला नंतर फाटकावरच्या माणसाने सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती सरळ अंबूबाईंपाशी गेली, खाली बसली, पट्टीवरून हात फिरवला आणि रडू लागली. अंबूबाईंनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

"रडतीस काय गं? पंचवीस दीस झालं, नुसतं ओल्या फडक्यानं पुसत्यात मला. ह्या नर्स पोरीला पाठ चोळता येत न्हाय."

निशिगंधा म्हणाली, "आजी, मी इथंच आहे."

"आसूं दे. तुलाबी सांगते."

आक्काने डोळे पुसले. उठली, पिशवी खुंटीला अडकवली, पदर खोचला. न्हाणीघराच्या दारात थांबून तिने माझ्याकडे प्रथमच पाहिले.

"सायेब, पाय भिजवायचं न्हाईत न्हवं? मग दोन पाट आना. एक बसायला, एक पाय वर ठेवायला. आनि हितनं जावा आता. बाया आंघोळी करत्यात."

मी दोन पाट आणून दिले आणि निघालो.

तुझा,
उदयसिंह